पुण्याचा कारभार कुणाच्या हाती? महापालिका, पीएमआरडीए आणि राज्य सरकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या वेशीवर राहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच की तक्रार घेऊन जायचं कुठे? इमारतीचा नकाशा एकाने मंजूर केलेला असतो, पाणी दुसऱ्याने द्यायचं असतं, समोरचा रस्ता तिसऱ्याचा आणि बस चौथ्याची. मी स्वतः एका समाविष्ट गावात, म्हणजे हद्दवाढीत महापालिकेत आलेल्या गावात राहते. सोसायटीच्या बैठकीत, भाजी घेताना, शाळेच्या फाटकाबाहेर जे प्रश्न लोक मला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

पीएमआरडीए म्हणजे नेमकं काय?

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. ३१ मार्च २०१५ रोजी राज्य सरकारने ते स्थापन केलं आणि २०१६च्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरण कायद्याने त्याला पक्की चौकट मिळाली. हवेली, मावळ आणि मुळशी हे तालुके पूर्ण, शिवाय भोर, दौंड, शिरूर, खेड, पुरंदर आणि वेल्हे (आताचा राजगड) यांचे काही भाग त्याच्या हद्दीत येतात. क्षेत्रफळ सहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका एकत्र केल्या तरी या प्रदेशाचा साधारण दहावा हिस्सा भरतो. बाकी सगळी गावं, डोंगर, धरणं, एमआयडीसी आणि तळेगाव, चाकण, आळंदी, लोणावळ्यासारखी छोटी शहरं.

प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात आणि रोजचा कारभार महानगर आयुक्त, म्हणजे सनदी अधिकारी पाहतात. दोन्ही शहरांचे महापौर सदस्य असतात, पण पीएमआरडीएसाठी म्हणून मतदान होत नाही. पुढचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

महापालिका असताना हे दुसरं प्राधिकरण कशाला? बरखास्तच का करत नाहीत?

आंदोलनात ही घोषणा मी खूपदा ऐकली आहे. मला ती पटत नाही.

मुळा येते मुळशीकडून, पवना मावळातून, मुठा टेमघरच्या डोंगरातून. तिन्हींत शहराचं मैलापाणी मिसळतं आणि ते दौंडवरून थेट उजनी धरणात जातं. सकाळी कात्रजहून निघालेला माणूस हिंजवडीत कामाला, चिंचवडचा कामगार चाकणला आणि हडपसरची मुलगी रांजणगावला. नदीला महापालिकेची हद्द कळत नाही, नोकरीलाही नाही. कचरा कुठे टाकायचा, रिंग रोड कुठून न्यायचा, धरणाचं पाणी कुणाला किती द्यायचं, हे एकट्या पुणे महापालिकेने ठरवलं तर शेजारच्या गावावर अन्याय होतो. तो पूर्वी झालेलाही आहे, त्याविषयी खाली लिहिलं आहे. प्रदेश एकत्र पाहणारं कुणीतरी हवंच. ते कुणाला उत्तरदायी असावं, भांडण आहे ते एवढ्यासाठी.

राज्यघटना याबद्दल काय सांगते?

बरंच सांगते, आणि ते फार थोड्या लोकांना माहीत आहे.

७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांना सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी आहे आणि त्यातला पहिलाच विषय आहे नगर नियोजन. पण ‘सोपवता येतील’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सोपवायचं की नाही, हे घटनेने राज्याच्या विधिमंडळावर ठेवलं. बहुतेक राज्यांनी हात आखडताच घेतला.

दुसरी तरतूद अनुच्छेद २४३ झेडई. दहा लाखांवर लोकवस्ती असलेल्या, एकाहून अधिक नगरपालिका वा पंचायतींच्या महानगर क्षेत्रात ‘महानगर नियोजन समिती’ असलीच पाहिजे, असं ती सांगते. ही समिती संपूर्ण प्रदेशाच्या विकास योजनेचा मसुदा करणार. तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडून द्यायचे, शहरी-ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात.

थोडं थांबून पाहा. प्रदेश आणि शहर यांच्यात तोल कसा साधायचा, याचं उत्तर घटनेने ३० वर्षांपूर्वीच दिलं आहे. प्रदेशाचा विचार करणारी समिती हवी, पण तिच्यात बसणारी माणसं खालून, गावांतून आणि प्रभागांतून आलेली हवीत. पीएमआरडीए हे या समितीचं तांत्रिक अंग असायला हवं होतं. प्रत्यक्षात प्राधिकरण पुढे गेलं आणि समिती मागे राहिली.

पुण्यात ही समिती आहे का?

आहे. निदान कागदावर. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्या निवडून द्यायच्या ३० जागांसाठी निवडणूक झाली होती. मात्र तोपर्यंत प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा तयार होऊन २ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्धही झाला होता. ज्यांनी मसुदा करायचा ते निवडून यायच्या आधीच मसुदा लोकांपुढे आला होता.

त्या आराखड्यावर सुमारे ६७ हजार हरकती आणि सूचना आल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. नियोजन समितीला डावललं, हा त्यातला एक मुख्य आक्षेप होता. अखेर २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. इतक्या वर्षांचं सर्वेक्षण, इतक्या सुनावण्या, शेतकऱ्यांनी हातात सातबारा घेऊन घातलेले हेलपाटे, सगळं वाया गेलं. आता आधाराला पुन्हा १९९७ची जुनी प्रादेशिक योजना. तेव्हा हिंजवडी हे शेतीचं गाव होतं.

मार्च २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली. नगरसेवक नाहीत म्हटल्यावर त्यांच्यातून निवडलेले समिती सदस्य तरी कुठून राहणार? १५ जानेवारी २०२६ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, पुणे आणि पिंपरी-चिंचवड प्रशासकाच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती होतं. अनुच्छेद २४३ यू सांगतो की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात होते हे खरं, पण त्या चार वर्षांत शहराची अंदाजपत्रकं मतदाराने न निवडलेल्या माणसांनी केली हेही तितकंच खरं.

२३ गावांचं भांडण काय होतं?

आधी एक खुलासा. पुण्यात ‘२३ गावं’ म्हटलं की कुठली, ते विचारून घ्यावं. १९९७ मध्ये ३८ गावं महापालिकेत आली, पुढे त्यातली काही पूर्ण आणि काही अंशतः वगळली आणि उरली ती पहिली तेवीस. टेकड्यांवरच्या जैववैविध्य उद्यानाचा, बीडीपीचा वाद ज्यांच्याबाबत झाला, ती ही गावं. दुसरी तेवीस आली २०२१च्या जून अखेरीस : म्हाळुंगे, सूस, बावधन बुद्रुक, नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, वाघोली, मांजरी बुद्रुक, पिसोळी, होळकरवाडी वगैरे. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावं आलीच होती. दोन्ही मिळून ३४. या समावेशाने पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली.

आता भांडण. गावं महापालिकेत आली, तेव्हा त्यांचा विकास आराखडा महापालिकेने करावा हे ओघानेच आलं. मुख्य सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, तशी पावलंही उचलली जात होती. पण जुलै २०२१ मध्ये राज्य सरकारने या २३ गावांसाठी पीएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. महापालिकेत तेव्हा एका पक्षाची सत्ता होती आणि राज्यात विरोधी आघाडीची, हे वेगळं सांगायला नको. प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ राज्याला असा अधिकार देतो, त्यामुळे कायद्याला धरून ते ठीक होतं.

परिणाम असा झाला की बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची आणि विकास शुल्कही पीएमआरडीएच्या तिजोरीत. त्या इमारतीत माणसं राहायला आली की पाणी, ड्रेनेज, कचरा, पथदिवे, शाळा, दवाखाना मात्र महापालिकेचा. पैसे एकाकडे, ओझं दुसऱ्याकडे. पीएमआरडीए म्हणे, सेवा देणं आमचं काम नाही. महापालिका म्हणे, शुल्क आम्हाला मिळालं नाही, नकाशाही आम्ही पास केला नाही. दोघांचंही म्हणणं कागदावर बरोबर होतं आणि मधे अडकलेल्या माणसाच्या दारात टँकर उभा होता. आमच्या सोसायटीच्या मासिक खर्चात सर्वांत मोठी रक्कम कित्येक वर्षं टँकरचीच राहिली आहे.

माझं या विषयातलं सगळं मत या एका उदाहरणातून तयार झालं आहे. जो परवानगी देतो आणि पैसे घेतो, त्यानेच पुढची जबाबदारीही घेतली पाहिजे. हे दोन एकदा वेगळे केले की कितीही चांगला अधिकारी आणून बसवा, त्याचा इलाज चालत नाही.

याचा लोकांच्या जगण्यावर खरंच परिणाम होतो का, की हे फक्त खात्यांचं भांडण आहे?

जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. ‘जीबीएस’ हा शब्द तोवर कुणी ऐकलाही नव्हता. अतिसार, पोटदुखी, मग हातापायांतली ताकद जाणं आणि काहींना थेट व्हेंटिलेटर. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशयाची सुई पाण्याकडे गेली.

हा पट्टा खडकवासला धरणाच्या अगदी कुशीत आहे. तिथल्या अनेक घरांत येणारं पाणी मात्र शुद्धीकरण प्रकल्पातून येत नव्हतं. विहिरीतून उपसायचं, ब्लीचिंग पावडर टाकायची आणि नळाला सोडायचं. गावं महापालिकेत येऊन तीन-चार वर्षं झाली होती, धायरी तर २०१७ पासून होती. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला प्रक्रिया न केलेलं पाणी आणि तेच धरणाचं पाणी पर्वतीला शुद्ध होऊन पेठांत. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या घरच्यांना हे कुणी समजावून सांगायचं?

हद्दवाढ नकाशावर एका दिवसात होते. जलवाहिनी, टाकी, शुद्धीकरण केंद्र यांना वर्षं लागतात, आणि त्यासाठीचा पैसा हद्दवाढीच्या अधिसूचनेत कधीच नसतो.

म्हणजे दोष सगळा राज्य सरकारचा आणि पीएमआरडीएचा?

नाही. असं म्हणणं सोपं आहे, पण खोटं आहे.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित विकास आराखडा महापालिकेने स्वतः केला होता. २०१३ मध्ये तो हरकतींसाठी खुला झाला, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती आल्या. आरक्षणं कशी बदलली, का बदलली, यावरून शहर पेटलं होतं. नगरसेवकांनी वेळकाढूपणा केला, कायद्याची मुदत संपली आणि मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपवला. जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला. नियोजनाचा अधिकार हातात असताना आपल्या लोकप्रतिनिधींनी तो कसा वापरला, याचाही हिशेब आपण मागायला हवा. स्थानिक सत्ता म्हणजे आपोआप चांगली सत्ता नव्हे. फरक इतकाच की नगरसेवकाला आपण पाच वर्षांनी घरी बसवू शकतो, आयुक्तांच्या समितीला नाही.

उरुळी देवाची आणि फुरसुंगी महापालिकेतून बाहेर का पडली?

ही दोन्ही गावं पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरावर घेऊन जगली. पाण्यात उतरलेली घाण, डेपोला लागणाऱ्या आगी, माश्या आणि त्याविरुद्धची आंदोलनं, हा तिथला रोजचा अनुभव. २०१७ मध्ये ती महापालिकेत आली, तेव्हा आता तरी पाणी मिळेल, रस्ते होतील अशी आशा होती. आले ते मिळकतकराचे बोजे. नाराजी वाढत गेली आणि अखेर २०२४ मध्ये दोन्ही गावांची मिळून स्वतंत्र नगरपरिषद झाली.

गावकऱ्यांचा राग मला पूर्ण समजतो. तरीही मनात शंका राहते. कचरा डेपो तिथेच आहे आणि पुण्याचाच आहे, पण त्यावर बोलायला पुण्याच्या मुख्य सभेत आता त्यांचा नगरसेवक नाही. अशा वेळी महानगर नियोजन समिती खरीखुरी चालू असती, तर त्या छोट्या नगरपरिषदेचा माणूस तिथे पुण्याच्या महापौरांसमोर बसून विचारू शकला असता.

मिळकतकराचं काय?

ग्रामपंचायतीचा कर थोडा, महापालिकेचा बराच जास्त. समाविष्ट गावांत तो टप्प्याटप्प्याने वाढवायचा असा नियम आहे. लोक म्हणतात, सेवा नाही तर कर कसला? २०२४ मध्ये राज्य सरकारने ३४ गावांतल्या करवसुलीला स्थगिती दिली. आम्हा रहिवाशांना त्या क्षणी बरं वाटलं. पण विचार केला तर शहराचा कर शहराने लावायचा आणि राज्याने एका बैठकीत थांबवायचा, हे धोक्याचं आहे. पुण्याची जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, २०१७ पासून जीएसटीची भरपाई राज्याकडून येते. महापालिकेच्या हातात स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न मिळकतकर आणि बांधकाम शुल्क एवढंच उरलं आहे. त्यातलं शुल्क पीएमआरडीएकडे गेलं आणि करावर स्थगिती आली, तर जलवाहिनी कशातून टाकणार?

हिंजवडी कुणाची?

आयटी पार्कच्या आतलं नियोजन एमआयडीसीचं, बाहेरच्या जमिनीचं पीएमआरडीएचं. गाव ग्रामपंचायतीचं. लागून असलेलं वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेचं. महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाचा, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, मेट्रो पीएमआरडीएची. २०२५च्या पावसाळ्यात रस्त्यांचे ओढे झाले, तेव्हा नाला कुणी बुजवला आणि कुणी उघडायचा, हे ठरवायलाच बैठका लागल्या. माण, मारुंजी, नेरे, जांबे, गहुंजे, सांगवडे आणि हिंजवडी ही गावं पिंपरी-चिंचवडमध्ये घ्यावीत, असा प्रस्ताव बरीच वर्षं फिरतो आहे. इतकी मोठी वस्ती ग्रामपंचायतीच्या कारभारावर चालू शकत नाही, हे तिथल्या सरपंचांनाही कळतं.

बस आणि मेट्रोत तरी समन्वय आहे का?

बसचं उदाहरण त्यातल्या त्यात आशेचं आहे. पूर्वी पीएमटी पुण्याची आणि पीसीएमटी पिंपरी-चिंचवडची. २००७ मध्ये दोन्ही एक होऊन पीएमपीएमएल झाली. तूट भरताना पुण्याने ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडने ४० टक्के, अशी वाटणी. बस कमी आहेत, जुन्या आहेत, हे रोज प्रवास करणाऱ्याला सांगायला नको. पण निगडीहून कात्रजला एकाच तिकिटावर, एकाच बसने जाता येतं, कारण दोन शहरांनी ठरवून अधिकार आणि खर्च एकत्र केला. पीएमपीची बस पीएमआरडीएच्या गावांतही धावते आणि तिथल्या तुटीचा वाटा कुणाचा हा वाद अधूनमधून निघतोच. तरी इथे निदान कुणाशी भांडायचं ते कळतं.

मेट्रोचं चित्र वेगळं. पहिल्या दोन मार्गिका महामेट्रोच्या, हिंजवडी-शिवाजीनगर ही तिसरी पीएमआरडीएची खासगी भागीदारीतली. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल या तिसऱ्या मार्गिकेला आडवा येतो म्हणून २०२० मध्ये पाडला. आधी पूल बांधताना मेट्रोचा विचार झाला नाही आणि मेट्रो आखल्यावर पूल उभा राहू शकला नाही. त्या जागी दुमजली पूल होऊन त्याचा पहिला भाग सुरू व्हायला २०२५चा ऑगस्ट उजाडला. मधली पाच वर्षं गणेशखिंड रस्त्यावर लोकांनी जे तास घालवले, त्यांचा खर्च कुठल्याच प्रकल्प अहवालात लिहिलेला नसतो.

शहराला पाणी हवं म्हणून गावाने किती सोसायचं?

हा सर्वांत अवघड प्रश्न. प्रादेशिक व्यवस्था का हवी, याचंही सर्वांत ठसठशीत उत्तर यातच आहे.

पिंपरी-चिंचवडने पवना धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायचं ठरवलं. नदीतून पाणी सोडून रावेतला उचलण्यापेक्षा नळातून आणलं तर गळती आणि प्रदूषण टळेल, हा महापालिकेचा हिशेब. मावळच्या शेतकऱ्याचा हिशेब निराळा : नदी आटली तर माझी मोटार कशावर चालणार? ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. पुढे बारा वर्षं काम थांबलं. शहरालाही पाणी मिळालं नाही.

पुण्याच्या बाजूलाही तेच, फक्त गोळीबाराविना. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठा २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडा वर. त्याच कालव्याचं पाणी हवेली, दौंड, इंदापूरच्या शेताला जायचं. किती पाणी शहराला आणि किती आवर्तनं (कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या) शेतीला, हे जलसंपदा खातं आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची कालवा समिती ठरवते. शहराने प्रक्रिया केलेलं सांडपाणी मुंढव्यातून शेतीसाठी द्यायचं, असा समझोता झाला. कल्पना चांगली आहे, पण ते पाणी खरंच किती शुद्ध केलेलं असतं, हे खालच्या गावातल्या लोकांना विचारा.

या वाटणीत महापौर आणि खालच्या गावचा सरपंच एकाच टेबलावर, समान हक्काने, कधी बसतात का? घटनेतल्या समितीची कल्पना नेमकी त्यासाठी होती. शेतकऱ्याचं म्हणणं नकाशा काढायच्या आधी ऐकून घेणारी जागा मावळात असती, तर तो रस्त्यावर उतरला असता का, हा विचार मला आजही सतावतो.

बाहेर कुठे हा तोल साधला आहे का?

पूर्णपणे कुठेच नाही, पण लंडनकडून शिकता येतं. तिथली बृहन्लंडन परिषद १९८६ मध्ये सरकारने मोडून टाकली आणि चौदा वर्षं त्या महानगराला एकत्र सांभाळणारी निवडून दिलेली संस्थाच नव्हती. २००० पासून थेट निवडलेला महापौर आणि २५ सदस्यांची सभा आली. महानगराचा आराखडा आणि वाहतूक महापौरांकडे, रोजच्या बांधकाम परवानग्या, कचरा, शाळा बहुतांशी ३२ बरो (म्हणजे शहरातले विभाग) परिषदांकडे. बरोचा आराखडा महानगराच्या आराखड्याशी जुळावा लागतो. वरच्यालाही मतदार आहेत आणि खालच्यालाही, हे त्यातलं मर्म.

जवळचं उदाहरण बंगळुरूचं. २००७ मध्ये तिथे ११० गावं एका फटक्यात शहरात घेतली. त्यांच्यासाठीचा कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये. सतरा वर्षं! आता २०२५ पासून तिथे एकाच्या जागी पाच महापालिका आणि त्यांच्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण अशी रचना केली आहे. पुण्याचे दोन-तीन तुकडे करून नव्या महापालिका कराव्यात, असं आपल्याकडेही बोललं जातं. तुकडे करायला माझी हरकत नाही. वर बसणारं प्राधिकरण पुन्हा मंत्रालयाचंच असेल तर मात्र हरकत आहे.

तुमच्या मते काय व्हायला हवं?

नियोजन समितीला स्वतःचं कार्यालय, स्वतःचे नगररचनाकार आणि बैठकीचं इतिवृत्त जाहीर करण्याचं बंधन हवं. पीएमआरडीएने तिच्यासाठी काम करावं, तिच्याऐवजी नव्हे. धरण, नदी, रिंग रोड, बस-मेट्रो, कचऱ्याच्या जागा, टेकड्या हे प्रदेशाचे विषय. प्रभागातला रस्ता, बाग, बांधकाम परवानगी, दवाखाना हे शहराचे आणि नगरपरिषदांचे.

गाव समाविष्ट होईल त्या दिवसापासून तिथलं विकास शुल्क नव्या महापालिकेला मिळावं, आणि आधी गोळा झालेलंही त्याच गावाच्या पाण्या-ड्रेनेजवर खर्च व्हावं. हे झालं तरी निम्मं भांडण मिटेल. आणि कुठल्याही महापालिकेचा ठराव राज्याने विखंडित, म्हणजे रद्द केला, तर त्याची कारणं लेखी स्वरूपात लोकांना वाचायला मिळावीत.

मी फ्लॅट घेतोय / माझी जमीन तिथे आहे. मी आत्ता काय करू?

पहिलं, त्या सर्व्हे नंबरसाठी नियोजन प्राधिकरण कोण, ते लेखी विचारा : महापालिका, पीएमआरडीए, एमआयडीसी की नगरपरिषद. गाव महापालिकेत आहे म्हणून परवानगीही तिचीच असेल असं धरून चालू नका.

दुसरं, महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची मंजुरी कुणी दिली ते दिसतं. परवानगीच्या पत्रातल्या अटी वाचा. पाण्याची सोय होईपर्यंत विकसकाने स्वखर्चाने पाणी पुरवायचं, अशी अट किंवा हमीपत्र बऱ्याच वेळा असतं. आमच्याही कागदात होतं. ते आम्ही ताबा घेतल्यावर तीन वर्षांनी वाचलं.

तिसरं, नवा आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी मिळणारे दिवस मोजकेच असतात आणि ते भरकन निघून जातात. हरकत छापील नमुन्यात न देता स्वतःच्या शब्दांत द्या, सोबत सातबारा, मोजणीचा नकाशा आणि जागेचा फोटो लावा, पोच घ्या. सुनावणीचं पत्र आलं तर स्वतः जा. एकाच विषयाच्या वीस हरकती असतील तर वीस जणांनी मिळून एकाला बोलायला ठरवा, म्हणजे मिळणाऱ्या पाच मिनिटांत मुद्दा पूर्ण होतो. आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला एक प्रश्न आवर्जून विचारा : महानगर नियोजन समितीवर आपल्या भागातून कोण जाणार आहे? मी विचारला, तेव्हा पलीकडून आधी ‘कुठली समिती?’ असं आलं आणि दोन दिवसांनी माहिती काढून फोन आला.